सापडलेलं कोणाचं?

 

2025 च्या मार्चमध्ये असीरगडाच्या पायथ्याशी काय झालं ते आठवतंय ना? ‘छावा’ सिनेमा आला, बुऱ्हाणपूरकडे मुघलांचं सोनं पुरलेलं आहे अशी आवई उठली आणि रात्री टॉर्च, मेटल डिटेक्टर घेऊन माणसं दुसऱ्यांच्या शेतात खड्डे खणत बसली. इंदूरपासून ते काही फार लांब नाही, त्यामुळे आमच्या घरच्या ग्रुपवर व्हिडिओच व्हिडिओ. ‘काय हा लोभ!’ मीही लिहिलं. लिहायला काय जातं.

मग त्या यंत्राबद्दल थोडं वाचलं. त्याच्या तबकडीतून चुंबकीय लहरी जमिनीत जातात, खाली धातू असला तर त्यात बारीकसा वीजप्रवाह तयार होतो, तो ओळखून यंत्र वाजतं. गंमत म्हणजे ॲल्युमिनियमचा कपटा आणि सोन्याची अंगठी कधी कधी सारखीच वाजते. आणि वस्तू कोणाची, हे तर ते सांगतच नाही.

वाचता वाचता इंग्लंडची एक खरी गोष्ट मिळाली. नोव्हेंबर 1992, सफोकमधलं हॉक्सन गाव. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. एरिक लॉझ नावाचे निवृत्त माळी आपला डिटेक्टर घेऊन तो शोधायला गेले, आणि लागले काय तर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणी! रोमन काळातली. थोडं वर काढलं आणि त्यांनी उकरणं थांबवलं. पोलिसांना आणि जमिनीच्या मालकांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाची माणसं आली, सुमारे 15,000 नाणी निघाली. जागा विस्कटलेली नव्हती म्हणून पेटीत काय कसं रचून ठेवलं होतं तेही कळलं. लॉझ यांना साडेसतरा लाख पौंड मिळाले, ते त्यांनी बंधन नसताना शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला बरं का, तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सत्संगानंतर हे सांगितलं तर एक दादा म्हणाले, “ताई, तिकडे बक्षीस मिळतं, म्हणून प्रामाणिकपणा परवडतो.” बोलण्यात तथ्य आहे. कायदा तर आपल्याकडेही आहे, 1878 पासूनचा. दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. पण बक्षीस, कायदा हे सगळं नंतरचं. मी अडते ती त्याच्या आधी. मोकळं शेत, हातात सोनं, आणि तरी हात थांबला. तो कशाने थांबला असेल?

कारण माझा थांबला नव्हता. शेजारच्या काकू मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या तेव्हा त्यांचं जुनं कपाट आम्ही विकत घेतलं. खणातल्या कागदाखाली सोन्याची एक कुडी निघाली. एकच. ‘कपाट आपलं, म्हणजे आतलंही आपलंच’, असं मनाने लगेच सांगितलं. रोज माळ ओढणारं मन हे! चार दिवस ती कुडी मी लपवून ठेवली, ती पण कुठे, तर देव्हाऱ्याखालच्या खणात. सकाळ-संध्याकाळ तिथेच बसून आरती म्हणत होते.

पाचव्या दिवशी नेऊन दिली. काकू रडायलाच लागल्या. त्यांच्या आईची होती, जोडीतली दुसरी त्यांनी इतकी वर्षं नुसती जपून ठेवली होती.

“आज सापडली का गं?” त्यांनी विचारलं.

मी “हो” म्हटलं.

– एक सेविका, इंदूर