ठरलेलं सुख

ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी भेटणाऱ्या सुखाची आपण फारशी दखल घेत नाही. बढती मिळाली, लांबचा भाऊ न कळवता दारात येऊन उभा राहिला, की त्याला आपण आनंद म्हणतो. सकाळी गाळणीतून कपात उतरणारा चहा, गाडीत मिळालेली खिडकी, पहिल्याच बेरजेला जुळलेला हिशोबाचा ताळा, दुपारी डबा उघडताच दरवळणारी लसणाची फोडणी या गोष्टी रोजच्याच. म्हणून त्या मोजदादीत येत नाहीत. कामाचा दिवस मात्र त्यांच्याच जिवावर पार पडतो.

हे मला पेटीनं शिकवलं. नोकरी सांभाळून संध्याकाळी मी पेटी वाजवते, आणि माझ्या वाट्याला बहुतेक वेळा येतो तो लेहरा. तबलावादकाला तालाचा आधार राहावा म्हणून पेटीवर किंवा सारंगीवर सुरांची एक छोटी ओळ सारखी वाजवत राहायची, तो लेहरा. तीनताल असेल तर ओळ 16 मात्रांची. पहिल्या मात्रेवर सम, नवव्या मात्रेवर काल, सोळावी मात्रा संपली की पुन्हा सम. तबल्यावर पेशकार होतो, कायदे उलगडतात, रेले धावतात. पेटीवर चंद्रकंस रागातली तीच ओळ फिरत राहते. डावा हात भात्यावर, उजव्या हाताची बोटं त्याच त्या पट्ट्यांवर.

यात कंटाळा येत नाही का, असं मला पुष्कळजण विचारतात. सुरुवातीची काही आवर्तनं बोटं ओळ लक्षात ठेवण्यात गुंतलेली असतात. ती स्थिरावली की कान मोकळे होतात. भाता किंचित जास्त दाबला गेला की सूर कसा फुगतो, डग्ग्याची घुमक कुठे विरते, तबल्यावरचा हात कोणत्या बोलाशी क्षणभर रेंगाळतो, हे सगळं तेव्हा ऐकू येऊ लागतं. ओळ तीच असते, पण तिच्यात ऐकण्यासारखं दर फेरीला वाढत जातं.

मग तिहाई येते. एकच बोलसमूह तीनदा वाजतो आणि शेवटचा ‘धा’ नेमका समेवर पडतो. तो कुठे पडणार हे वाजवणाऱ्याला ठाऊक असतं, मला ठाऊक असतं, बोटांवर मात्रा मोजणाऱ्या श्रोत्यालाही ठाऊक असतं. तरीही मान डोलते, ‘वा’ निघून जातं. समेची जागा माहीत असते म्हणूनच ती दाद येते. जिची वाटच पाहिली नाही, तिच्या येण्याचं सुख कसं होणार?

कामाच्या दिवसालाही अशा समा असतात. दुपारी चारचा चहा काही नवलाईचा नसतो. तो येणार हे पावणेचारपासून माहीत असतं आणि त्या पंधरा मिनिटांतलं कामही त्यामुळे हलकं होतं. पण लेहरा वाजवताना एक दोष टाळावा लागतो, तो लय पळवण्याचा. दिवसाचीही लय आपण अशीच पळवतो. डबा खाताना डोळे मोबाइलवर, चहा पिताना मन उद्याच्या बैठकीत. सम येते आणि आपण पुढच्या आवर्तनात पोहोचलेले असतो. दिवस कंटाळवाणा होता, असं मग रात्री म्हणायचं.

नोकरी आणि संगीत यांचं वैर असतं, असंही मानण्याचं कारण नाही. गायक वसंतराव देशपांडे यांनी अनेक वर्षं लष्कराच्या हिशोब खात्यात काम केलं. ती नोकरी सोडल्यावर 1967 साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मधले त्यांचे खाँसाहेब महाराष्ट्रानं डोक्यावर घेतले. वामनराव देशपांडे पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. ‘घरंदाज गायकी’सारखा घराण्यांचं मर्म उलगडणारा ग्रंथ त्यांच्या हातून झाला. आकडे आणि आवर्तनं एकाच माणसाच्या आयुष्यात सुखानं नांदू शकतात, हे या दोघांनी दाखवून दिलं. त्यांच्या उंचीवर आपल्याला पोहोचायचं नसेलही. मैफल नको, टाळ्या नकोत. दिवसाकाठी अर्धा तास एखाद्या सुराशी प्रामाणिक राहता आलं, तरी कान तयार होतात, आणि ते तयार कान दुसऱ्या दिवशी कचेरीतही आपल्याबरोबर येतात.

आजचा दिवस बराचसा कालच्यासारखाच असेल. तीच गाडी, तेच टेबल, तोच चारचा चहा. हा तोचतोचपणा कमी लेखू नये. ज्यांच्या घरात दीर्घ आजारपण आलं आहे, ज्यांचं काम अचानक सुटलं आहे, त्यांना विचारून पाहावं. त्यांना सणाचा दिवस नको असतो, सहलीचा नको असतो. सकाळी डबा भरून निघावं आणि संध्याकाळी थकून घरी यावं, असा एक साधा कामाचा दिवस हवा असतो. तो आज आपल्याला मिळाला आहे. त्यातल्या ठरलेल्या सुखांची वाट पाहू या, आणि ती आली की थांबून त्यांना दाद देऊ या.