वापसा

नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेला मिळते, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पावसाळ्यांत कृष्णेचें पाणी चढलें म्हणजे पंचगंगेस पुढें वाट मिळत नाहीं. तिचें पाणी मागें फुगतें व शिवारांत शिरतें. २००५, २०१९ व २०२१ या सालांचे महापूर शिरोळ तालुक्यांत कोणीहि विसरलेला नाहीं. पूर ओसरल्यावर शेतकऱ्यापुढें प्रश्न उभा राहतो: औत केव्हां घालावें? चिखलांत घातलें तर काळ्या जमिनीचीं ढेकळें होऊन तीं दगडासारखीं वाळतात. फार दिवस लोटले तर ओल उडून जाते. या दोहोंमधील जी योग्य वेळ, तिला आपण वापसा म्हणतों. तो पंचांगांत लिहिलेला नसतो. शेतकरी रोज बांधावर जातो, मूठभर माती दाबून पाहतो, व मग ठरवितो.

धीर धरणें म्हणजे स्वस्थ बसणें, असा अनेकांचा समज आहे. परंतु वापशाची वाट पाहणारा शेतकरी स्वस्थ बसत नाहीं. तो औत नीट करितो, बी निवडून ठेवितो. शेजारच्या मिरजेचेंच उदाहरण घ्या. डॉक्टर वान्लेस १८८९ सालीं या देशांत आले, आणि मिरजेचें इस्पितळ १८९४ सालीं उघडलें. मधल्या वर्षांत ते हात बांधून बसले नाहींत. लहानशा दवाखान्यांत रोग्यांची सेवा करीत राहिले.

धीराचा दुसरा अर्धा भाग मात्र आम्ही उशिरां शिकलों, आणि तोहि आमच्या चुकीनें. २०१९ च्या पुरानंतर धान्य व चादरी घेऊन आम्ही एका दिवसांत पांच गांवें फिरत होतों. एका पडक्या घराच्या उंबऱ्यावर एक वृद्ध बंधु बसले होते. "पाळकसाहेब, घटकाभर बसा, कांहीं बोलायचें आहे," असें ते म्हणाले. आम्हीं उभ्याउभ्याच प्रार्थना केली, "पुढल्या आठवड्यांत येतों," म्हटलें व निघालों. आठवड्यानें गेलों. त्यांनीं आदरानें चहा दिला. पण त्या दिवशींची गोष्ट पुसतां, "आतां कांहीं नाहीं," एवढेंच म्हणाले. पुढें कळलें कीं, धाकट्या भावाशीं बांधावरून त्यांचा कित्येक वर्षें अबोला होता. पुरांत त्याच भावानें त्यांस खांद्यावर घेऊन बाहेर काढिलें होतें, व समेटाची गोष्ट काढण्यास त्यांस कोणी मध्यस्थ हवा होता. तो दिवस टळला. भाऊ कामासाठीं इचलकरंजीस निघून गेला. जुना मानीपणा परत आला. त्या दिवशीं मनाची जमीन वापशावर होती, आणि आम्ही घाईंत तिच्यावरून चालत गेलों.

आमची घाई देवाच्याच कामाची होती, असें आम्ही स्वतःस पुष्कळ समजाविलें. पण याइराची मुलगी मरणोन्मुख असतां प्रभु तिच्याकडे निघाला होता. त्याहून निकडीचें काम कोणतें? तरी वाटेंत बारा वर्षें दुखणें सोसणाऱ्या स्त्रीनें त्याच्या वस्त्रास स्पर्श केला, तेव्हां तो थांबला व तिचें सर्व बोलणें त्यानें ऐकून घेतलें. देवाची वेळ कधीं वाट पाहावयास लाविते, तर कधीं चालत्या पायांस थांबविते. दोहोंस धीरच लागतो.

थांबल्यानें पांचवें गांव राहून जातें, हें खरें. तेथें सकाळीं जावें लागेल, कोणी रागावेलहि. तें सोसावें. पांचव्या गांवची काळजी आपल्याहून देवास अधिक आहे, हा विश्वास ज्यास नाहीं, तो कोणत्याहि उंबऱ्यावर बसूं शकत नाहीं.

यास्तव, उपदेशक बंधूंनो, दिवसाचीं कामें ठरवितांना एक घटका मोकळी ठेवा, आणि वाटेंत कोणी "बसा" म्हटलें तर ती त्यास द्या. ते दोघे भाऊ अद्याप एकत्र बसलेले आम्हीं पाहिले नाहींत. आम्ही त्यांच्यासाठीं प्रार्थना करितों, आणि त्या घरीं जाऊन बसतों. वापसा एकदां गेला तरी पुन्हा पाऊस पडतो, पुन्हा वापसा येतो. तेव्हां तरी आम्ही बांधावर असावें, एवढेंच आमचें मागणें आहे.