मनुष्याची घडण अद्याप चालू आहे

मनुष्यदेहाची घडण केव्हाच संपली असे आपण समजतो. परंतु ती अद्याप चालू आहे. सिकलसेलचा गुण आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर तो लेकरास प्राणघातक हिवतापापासून पुष्कळ अंशी राखतो, असे डॉ. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेविषयी दाखविले. अशी लेकरे अधिक जगली, म्हणून तो गुण वाढला. हिवताप आहे तेथे हे आजही चालते. दोघांकडून आला, तर मात्र तोच रक्तक्षय व तीव्र वेदना आणतो.

गडचिरोली, नंदुरबारकडेही असे रोगी आहेत. त्यांस शापित कसे म्हणावे? ज्या गुणाने पुष्कळ लेकरे वाचली, त्याचे मोल ते आपल्या देहात भरीत आहेत. म्हणून आम्ही विनवितो, विवाहापूर्वी रक्त तपासून घ्या, आणि त्यांचा भार वाहा.