जुने नाव कोणाच्या मालकीचे?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिकांच्या आणि जमिनीच्या जाहीर नोटिसांच्या शेजारी, दोनतीन ओळींची एक जाहिरात पुष्कळदा दिसते. अमुक नावाने ओळखला जाणारा मी यापुढे तमुक नावाने ओळखला जाईन, एवढाच तिचा मजकूर. आपण ती न वाचताच पान उलटतो. त्या दोन ओळींमागे एखाद्याच्या आयुष्याचा केवढा भाग उभा असतो हे आम्हांला आमच्याच एका चुकीमुळे समजले. ती चूक सांगितल्याशिवाय या विषयावर लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही, म्हणून प्रथम तीच सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत एक भगिनी परगावाहून राहावयास आल्या. शिवणकाम करून पोट भरीत. पहिल्या मंडळीचे सभासदत्वाचे पत्र त्यांनी आणले होते, त्यावर एक नाव होते. सोबत जोडलेल्या राजपत्राच्या प्रतीवर दुसरे. लग्नात सासरी ठेवलेले नाव व आडनाव त्यांनी घटस्फोटानंतर सोडून दिले होते. त्या रविवारी सूचना वाचण्याचे काम आमच्याकडे होते. नव्या सभासदांचे स्वागत करताना आम्ही त्यांचे नवे नाव वाचले, आणि ओळख पुरी व्हावी या भाबड्या हेतूने "पूर्वीच्या सौभाग्यवती अमुक" असे जुनेही वाचले. पुढच्या रविवारी त्यांची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्याही रविवारी होती.

महिन्याभराने आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "दादा, त्या नावाने मला शोधणारा माणूस अजून आहे. म्हणूनच मी ते सोडलं. कायद्यानं छापायला लावलं तिथे माझा इलाज नव्हता. पण देवळात ते कुणी मागितलं होतं?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून आम्ही या गोष्टीचा विचार करीत आहोत.

आपल्या देशात नाव बदलण्यासाठी सर्वांना लागू असा एकच स्वतंत्र कायदा नाही. रूढ झालेली रीत आहे. प्रथम मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करावयाचे, नंतर वर्तमानपत्रात जाहिरात द्यावयाची, आणि शेवटी राजपत्रात नाव छापून घ्यावयाचे. केंद्र सरकारच्या राजपत्रासाठी अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात व शुल्क भरून कागद दिल्लीच्या प्रकाशन विभागाकडे पाठवावे लागतात. महाराष्ट्र शासनाचे राजपत्र वेगळे आहे. नोटरीची फी, जाहिरातीचा आकार, राजपत्राचे शुल्क ही एकेक रक्कम नोकरदाराला फारशी जड वाटणार नाही. पण खरा खर्च तेथून पुढे सुरू होतो. आधार, पॅन, बँकेचे पासबुक, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, असल्यास सातबारा, प्रत्येकासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी रांग. रोजंदारीवर जगणाऱ्याची एकेका रांगेत एकेक दिवसाची मजुरी जाते. शिवाय आधारवरील नाव सामान्यतः आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणजे चुकण्यासही फारशी जागा नाही.

दुसरा खर्च पैशात मोजता येत नाही. राजपत्रात जुने व नवे नाव एकत्र छापले जाते आणि प्रत्येक कचेरी त्याची प्रत मागते. जे नाव मागे टाकावयाचे, तेच आयुष्यभर पिशवीत घेऊन हिंडावे लागते व प्रत्येक खिडकीपुढे काढून दाखवावे लागते. पूर्वी राजपत्राचे अंक कचेरीच्या कपाटात धूळ खात पडत. २०१५ पासून केंद्र सरकारचे राजपत्र छापण्याऐवजी संगणकावर प्रसिद्ध होऊ लागले. ते कोणीही, कोठूनही, केव्हाही पाहू शकतो. सोय वाढली हे खरे, पण आडोसा गेला.

मग सरकार ही प्रसिद्धी मागते तरी का? त्यालाही न्याय्य कारण आहे. एखाद्याने कर्ज बुडवून, गुन्हा करून किंवा बायकापोरांना वाऱ्यावर सोडून नवे नाव धारण केले, तर ज्यांचे देणे आहे त्यांनी त्याला शोधावे कोठे? म्हणून बदल चारचौघांत जाहीर व्हावा, हा नियम उगाच नाही. उलट बाजूने, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. २०२१ साली शालेय प्रमाणपत्रांविषयीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने नाव हा माणसाच्या स्वतःच्या ओळखीचा भाग मानला आणि त्यावर त्याचा ताबा असावा असे म्हटले. दोन्ही बाजूंस सत्य आहे. प्रश्न असा की, जुने नाव न सांगणे हे खोटे बोलणे आहे काय?

आमच्या मंडळीतील एक वडील म्हणत, "ज्याच्या मनात पाप नाही त्याने नाव कशाला लपवावे?" हे म्हणणे ऐकावयास सरळ वाटते. परंतु पवित्र शास्त्रातील याकोबाकडे पाहा. आंधळ्या बापापुढे उभा राहून त्याने आपण एसाव असल्याचे सांगितले, आणि भावाचा आशीर्वाद पळवला. पुढे यब्बोकच्या उतारावर रात्रभर झोंबी झाल्यावर त्याला त्याचे नाव विचारण्यात आले. तेथे त्याने स्वतःचे नाव सांगितले, आणि मगच त्याला नवे नाव मिळाले. दोन्ही प्रसंगी नाव पालटले. पहिल्या प्रसंगी दुसऱ्याचे हक्काचे लुबाडले गेले, दुसऱ्या प्रसंगी कोणाचेच काही गेले नाही. तेव्हा कसोटी नाव बदलण्यात नाही; ते झाकल्याने कोणाचे देणे बुडते का, यात आहे. ज्याचे देणे आहे त्याला, न्यायालयाला आणि पोटच्या मुलांना जुने नाव कळण्याचा अधिकार आहे. ज्याला केवळ कुतूहल आहे त्याला तो नाही. आणि जो दुखावण्यासाठी शोधीत आहे, त्याच्यापासून ते राखणे हे आपले कर्तव्यच होय.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात नावाविषयी सक्ती कधीच नव्हती असे नाही. पण बेळगावात १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी आणि मुंबईत १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी आईबापांनी दिलेली नावेच शेवटपर्यंत चालविली. ज्यांनी नावे बदलली त्यांचा विश्वास त्यामुळे वाढला नाही, ज्यांनी ठेवली त्यांचा उणा झाला नाही. नाव ठेवावे की सोडावे हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढी मोकळीक आपल्या परंपरेत आहे.

यातून मंडळीने काय करावे? बाप्तिस्म्याच्या वहीतील मूळ नोंद खोडू नये, कारण ती घडलेल्या गोष्टीची साक्ष आहे. बाजूस तारीख घालून नवे नाव लिहावे, पाळकसाहेबांनी सही करावी आणि वही कुलपात ठेवावी. सूचनांत, वर्गणीच्या यादीत आणि प्रार्थनेच्या विनंत्यांत नवेच नाव वाचावे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विशेष विनंती आहे. दत्तक घेतलेले मूल असेल, किंवा आईने माहेरचे आडनाव लावलेले मूल असेल, तर हजेरी घेताना सर्वांदेखत "तुझे आधीचे नाव काय रे?" असे विचारू नका. त्या एका प्रश्नाने मुलाचे सगळे घर वर्गापुढे उघडे पडते.

प्रकटीकरणाच्या पुस्तकात विजय मिळवणाऱ्याला पांढऱ्या खड्यावर लिहिलेले नवे नाव देण्याचे अभिवचन आहे, आणि ते नाव घेणाऱ्यावाचून दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. जे देव स्वतः झाकून देतो, ते आपण ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावे काय?

आम्ही त्या भगिनींची क्षमा मागितली. त्यांनी ती केली, पण म्हणाल्या, "दादा, लोकांच्या कानांतून ते नाव आता परत काढता येईल का?" काढता आले नाही. वर्षाच्या आत त्या दुसऱ्या गावी गेल्या. जाताना त्यांना सभासदत्वाचे पत्र आम्हीच लिहून दिले. त्यावर एकच नाव लिहिले.