मनुका नाहीत

अमेरिकेतल्या भाचीने परवा एका बाटलीचा फोटो पाठवला. तिथल्या भारतीय दुकानातलं मोहरीचं तेल. तेल आपल्याकडचंच. पण बाटलीवर ठळक सूचना होती: फक्त बाहेरून लावण्यासाठी. ‘मामी, इथे सगळे ह्यातच मासे तळतात. मग असं का गं लिहितात?’ मला आपल्या मुलचेरा-चामोर्शीकडची बंगाली गावं आठवली. पूर्व पाकिस्तानातून आलेली ही कुटुंबं 1960 च्या दशकात गडचिरोलीच्या जंगलात वसली. त्यांच्याकडे मोहरीचं तेल तापल्याशिवाय मासा कढईत पडत नाही. तिथे बाटली कोण वाचतंय!

कारण शोधलं तर सापडलं. मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल भरपूर असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने हृदयाला अपाय झालेला दिसला, म्हणून अमेरिकी सरकारने हे तेल खाण्यासाठी मान्य केलेलं नाही. दुकानदार ते मालिशचं म्हणून विकतो, घेणारा घरी नेऊन फोडणी देतो. हे मला काही फारसं पटलं नाही. पण बाकीच्या वस्तूंचं बघा. आपल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, कारण नुसता हिंग फार उग्र. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्याला ते कळायलाच हवं, म्हणून तिथे पाकिटावर ‘गहू आहे’ असं स्पष्ट लिहावं लागतं. आपला हिरवा ठिपका तिथल्या माणसाला नुसताच ठिपका. आणि 5/7 म्हणजे आपली पाच जुलै, त्यांची सात मे. आतला माल तोच, वाचणारा बदलला. चिठ्ठी मालासाठी नसतेच, वाचणाऱ्यासाठी असते.

हे मी सांगते खरी, पण माझ्या स्वतःच्या फळीवर एकाही बरणीला नाव नव्हतं. कॉफीच्या बाटलीत जवस, बिस्किटांच्या डब्यात मेथी. मला अंधारातही सापडायचं. सून पुण्याकडची. आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने वरण लावलं. शिजलं छान, पण चव वेगळीच. तुरीऐवजी लाखोळीची डाळ पडली होती. आपल्याकडे धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. तिची डाळ दिसायला तुरीसारखीच. तिने ती आयुष्यात पाहिली नव्हती. मी आतून ओरडून सांगितलं होतं, ‘त्या दुसऱ्या बरणीतली घे.’ दुसरी म्हणजे कुठून दुसरी? चूक तिची नव्हती, माझ्या अर्ध्या वाक्याची होती. सकाळच्या घाईत आपण सगळेच असं बोलतो. ‘ते तिथे ठेवलंय.’ ‘त्याला सांगून टाक.’ आपल्या डोक्यात चित्र पूर्ण असतं, म्हणून समोरच्यालाही ते दिसतंय असं वाटतं. आता बोलण्याआधी मी क्षणभर थांबते. ह्याला काय ठाऊक नाही, एवढंच मनात विचारते. एखादा शब्द जास्त लागतो, दुपारचा एक फोन वाचतो.

ऐकणाऱ्याकडे बघून नाव ठेवायचं, तर एचएमटी तांदळासारखं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, जपल्या, वाढवल्या. तांदूळ बाजारात गेला तेव्हा त्याला नाव मिळालं त्या काळच्या आवडत्या घड्याळाचं. एकदा ऐकलं की विसरणं नाही. पोत्यावर दादाजींचंही नाव असतं तर मला जास्त आवडलं असतं, पण ते वेगळं दुखणं. तर गेल्या रविवारी सुनेने आणि मी मिळून सगळ्या बरण्यांवर कागद चिकटवले. तूर, लाखोळी, जवस, मेथी. शेवटी उरली वाळवलेल्या मोहफुलांची बरणी. उन्हाळ्यात तिच्या बहिणीचा मुलगा आला होता, त्याने त्यातली मूठभर तोंडात टाकून चेहरा वाकडा केला होता. त्या बरणीवर काय लिहायचं ते सुनेने मला विचारलंच नाही. स्वतःच लिहिलं : ‘मनुका नाहीत.’