स्वराघात आणि संकल्प

स्पॅनिश भाषेत शब्द स्वर, न् किंवा स् ने संपत असेल तर आघात उपान्त्य अक्षरावर पडतो, एरवी अन्त्य अक्षरावर, आणि नियमाला अपवाद असेल तेथे स्वरावर तिरपी रेघ देतात. म्हणूनच 'कांतो'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी गातो' आणि दुसऱ्यावर दिला तर 'तो गायला' असा अर्थ होतो. तेथे चुकणाऱ्याला फार तर हसू सोसावे लागते. वेदपाठात मात्र हाच प्रश्न धर्माचा होतो.

वैदिक स्वर म्हणजे जोर नव्हे, तर आवाजाची उंची: उदात्त चढा, अनुदात्त खालचा आणि स्वरित चढून उतरणारा. पतंजलीने महाभाष्यात उल्लेखिलेल्या कथेत, पुत्रवधाने संतापलेला त्वष्टा इंद्राचा काळ जन्मावा म्हणून आहुती देतो. परंतु आहुतीच्या मंत्रातला 'इंद्रशत्रु' हा शब्द अन्त्योदात्त म्हटला तर 'इंद्राला मारणारा' आणि आद्युदात्त म्हटला तर 'इंद्र ज्याला मारणार तो', आणि त्वष्ट्याच्या तोंडून नेमका दुसरा उच्चार निघाल्यामुळे जन्मलेला वृत्रच मारला गेला. त्वष्ट्याच्या संकल्पात तिळमात्र संदिग्धता नव्हती, तरीही फळ उच्चाराला मिळाले, संकल्पाला नाही. शब्दाचे सामर्थ्य नित्य असून ते वक्त्याच्या इच्छेवर अवलंबून नाही, असे मानणाऱ्या मीमांसकांना यात अन्याय दिसणार नाही. पण याच परंपरेतला वाल्या कोळी अक्षरे उलटी करून 'मरा मरा' जपतो आणि तरून जातो. यज्ञ ही नेमकी पार पाडायची क्रिया आहे आणि नामजप हे नाते आहे, असा भेद केला तरच या दोन कथा एकत्र नांदू शकतात. तो भेद न करता शुद्धोच्चाराचा धाक भाविकाला घालणे अनाठायी आहे.

इंग्लंडात वैदिक स्वरांचा प्रश्न छापखान्याच्या वाटेने पोहोचला. धर्मांतराला साहाय्य व्हावे म्हणून मुंबई लष्करातील अधिकारी बोडेन यांच्या देणगीतून ऑक्सफर्डला संस्कृतचे अध्यासन 1832 मध्ये सुरू झाले. आणि 1860 मध्ये त्या पदाच्या निवडणुकीत हरलेल्या माक्स म्युलर यांनी 1849 ते 1874 या काळात सायणभाष्यासह ऋग्वेद सहा खंडांत सस्वर प्रसिद्ध केला. त्यात अनुदात्ताखाली आडवी रेघ आहे, स्वरितावर उभी, आणि ज्यावर सारा अर्थ तोललेला तो उदात्त मात्र चिन्हाविना. म्युलर भारतात कधीच आले नाहीत. उलट मुंबईत शंकर पांडुरंग पंडित यांनी अथर्ववेदाची आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखितांबरोबर वैदिकांचे मुखोद्गत पाठही प्रमाण मानले.