अप्रत्यक्षाचे प्रामाण्य

जे डोळ्यांना कधीच दिसणार नाही, त्याविषयी मनुष्याने निश्चयाने बोलावे काय, आणि बोलावयाचे झाल्यास कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न न्यायदर्शनाइतकाच पुरातन असला, तरी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेची भूमी हादरल्यापासून सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्यांना तो केवळ पोथीतला राहिलेला नाही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर थरांमागून थर पसरलेला लाव्हा थिजून जो काळा कातळ झाला, त्याच्या भेगांतून पाणी झिरपत गेले, आणि त्या पाण्याने ऑलिव्हिनचे व ज्वालामुखीय काचेचे हळूहळू मृदू मृत्तिका-खनिजांत रूपांतर केले. ताज्या, घट्ट बेसाल्टमधून भूकंपाचा प्राथमिक तरंग सेकंदाला साडेपाच-सहा किलोमीटर वेगाने जातो. परंतु अशा रूपांतराने खडकाचा ताठरपणा घनतेच्या मानाने पुष्कळच अधिक घटत असल्यामुळे तोच तरंग तेथे मंदावतो. उलट, तेच पाणी जेव्हा वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइट भरते, तेव्हा खडक सांधला जातो आणि तरंगाची गती वाढते.

मग नुसत्या मंद गतीवरून काय ठरवावे? खडक मृत्तिकामय झाला असेल, भंगला असेल किंवा तप्तही असेल. न्यायसूत्रांतील पूर्वपक्षी नेमका हाच आक्षेप घेतो: नदी फुगलेली पाहून वर पाऊस झाला असे आपण म्हणतो, पण प्रवाह कोठे अडल्यानेही नदी फुगते, म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे. त्यावर सिद्धान्ती उत्तर देतो, की नुसता फुगवटा हा हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधारच, नव्हे. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यात पाने, फळे आणि लाकडे वाहत येतात, आणि या विशेषांसह पाहिलेला पूर फसवीत नाही.

भूगर्भाचा अभ्यासकही याच मार्गाने जातो. दुय्यम तरंग द्रवातून जातच नाही, म्हणून दोन्ही तरंगांच्या गतींचे प्रमाण पाहून भेगांत पाणी आहे की वायू, याचा तो तपास करतो. मृत्तिका-खनिजांतून वीज सुलभतेने वाहते, म्हणून विद्युत्-रोधाचा दाखला घेतो. आणि अखेरीस कोयनेजवळ गोठणे येथे केले तसे सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन आपल्या अनुमानाची प्रत्यक्षाशी खातरजमा करतो.

उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त जगाच्या कार्यत्वावरून ईश्वराचे अनुमान केले, आणि त्या अनुमानाला विंधनविवराची कसोटी कधीच लाभणार नाही. म्हणूनच जेथे पडताळा अशक्य, तेथे हेतूची चिकित्सा दुप्पट कठोर हवी. श्रद्धावानाने पूर्वपक्ष्याला शत्रू मानू नये. त्याचा आक्षेप संपूर्ण ऐकून घेणे हाच अदृष्टाविषयी बोलण्याचा एकमेव अधिकार आहे.